आधी पिवळं, मग क्लोराइड

सोमवार, ४ नोव्हेंबर

ही वही मॅडमनी दिली. म्हणजे दोन दिल्या. एक कामाची, ती तिथेच टेबलावर राहते. दुसरी ही. हिचा पुठ्ठा भिजून फुगलाय म्हणून टाकून देणार होत्या, मी म्हटलं मला द्या, घरी लिहीन. त्यांनी मान वर न करता वही माझ्याकडे सरकवली.

कामाच्या वहीचे नियम आहेत. पेनानेच लिहायचं. जे केलं तेच, जे पाहिलं तेच. चुकलं तर एक रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. आणि दिवस संपला की दुसऱ्या कुणीतरी ते पान वाचून खाली 'पाहिलं, समजलं' लिहून सही करायची. मॅडम चष्मेदादांच्या वहीत करतात, चष्मेदादा मॅडमच्या. माझ्या धुण्याच्या वहीतसुद्धा कुणीतरी सही करणार म्हणे. सातवीत शाळा सुटल्यापासून मी फक्त सामानाच्या याद्या लिहिल्या. हात दुखतोय.

काम आहे या मॅडमच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचं. तीन महिने बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. मला वाटलं, भांडीच ती, त्यात काय एवढं. तर आतल्या खोलीच्या दारावर लाल अक्षरात लिहिलंय, चरा पडलेली काच आत नेऊ नये. चष्मेदादा म्हणजे मॅडमच्या हाताखालचे, भिंगं ही एवढी जाड, तेही दोन महिन्यांपूर्वीच लागलेत. त्यांना विचारलं, चरा पडला तर काय होतं. म्हणाले, फुटतं. मी म्हटलं काच आहे, फुटणारच की.

"काच नाही ताई. खोली."

ते हसले. मला नाही हसू आलं. घरी चिमणी पंधरा महिन्यांची आहे, आणि हे ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. मला काही झालं तर तिला घ्यायला सासूबाई एकट्या.

बुधवार, ६

आज चरा कसा शोधायचा ते शिकले. फ्लास्क उजेडासमोर धरायचा, हळू फिरवायचा. चरा असला की उजेड एका जागी अडकतो. मग बोटाचं टोक फिरवायचं, मग नख. आत हात जात नाही तिथे कान लावून काडीला कापूस गुंडाळून फिरवायचा, चऱ्यावर कापूस कुरकुरतो. हे कापसाचं मीच काढलं. मॅडमनी बघितलं आणि संध्याकाळी त्यांच्या खिशात माझी काडी होती.

आतली खोली मात्र मला बंद. आज भांड्यांचा ट्रे घेऊन दारापर्यंत गेले तर मॅडमनी दारातच अडवलं आणि विचारलं, "बाळ अंगावर पितं का अजून?" मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, मग आत यायचं नाही, ट्रे खिडकीतून द्यायचा. भिंतीत एक झडपेची खिडकी आहे, तिथून. दाराला जाड काच आहे, तिच्यातून बघायला हरकत नाही म्हणाल्या.

त्यांना काय करायचंय माझ्या दुधाचं? मला माहीत आहे, पोरंबाळं असलेली बाई म्हणजे रजा घेणार, उशिरा येणार. चेहरा सदा लिंबू पिळल्यासारखा. मानेवर बारीक निळे ठिपके आहेत, गोंदल्यासारखे. चष्मेदादा म्हणाले, ती काच आहे, आतच राहिली. कुठली काच ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गुरुवार, ७

आज पिवळं बघितलं.

दाराच्या काचेतून, पण नीट दिसलं. गरम पाण्यात एक फ्लास्क, त्यातून वाफ थंड नळीतून जाते आणि बर्फाच्या घमेल्यात ठेवलेल्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब पडते. पांढऱ्या पुडीपासून बनवतात, आणि उतरतं ते पिवळं, लिंबाच्या सालीसारखं. याचं नाव डायझोमिथेन. चरा, उन्हाची तिरीप, खरखरीत बूच, कशानेही हे भडकतं आणि वास घेतला तर फुफ्फुसं जातात. म्हणून फ्लास्कच्या तोंडाशी सगळं गुळगुळीत लागतं, म्हणून पुढे जाड पारदर्शक पडदा, वर ओढणारा पंखा. इतकं वाईट आणि इतकं सुंदर. मी काचेला नाक लावून उभी होते, काचेवर माझा श्वास बसला तो पुसला आणि परत बघितलं.

मग मॅडम बाहेर आल्या आणि कधी नव्हे ते बोलायला लागल्या. म्हणाल्या, आपल्याकडे एक आम्ल आहे. त्याची साखळी एका कडीने आखूड आहे. औषधवाल्यांना एक कडी लांब हवंय. पण साखळीच्या मध्ये कडी घुसवायची कशी? तर आधी त्या आम्लाचं क्लोराइड करायचं. ते इतकं उतावळं असतं की हवेतल्या ओलीशीसुद्धा धूर काढतं. मग ते या पिवळ्यात घालायचं. ते पिवळ्याला धरतं, बुडबुडे येतात, डायझोकिटोन तयार होतं. आणि त्याला चांदी दाखवली की ते स्वतःच आतल्या आत जागा बदलतं आणि कडी मध्ये बसते.

मी विचारलं, चांदी दाखवली की म्हणजे? म्हणाल्या, बघशील.

जाता जाता म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. क्लोराइड पिवळ्यात घालायचं. पिवळं क्लोराइडात कधी नाही." का ते सांगितलं नाही, फोन आला. मी आपली लिहून ठेवते.

मंगळवार, १२

घरातले सगळे पेले उजेडाला धरून बघितले. दोन पेल्यांवर चरे निघाले, बाजूला ठेवले. सासूबाई म्हणाल्या, चहाच पिणार आहोत ना आपण, का उडवणार आहेस आम्हाला? आणि तेच दोन पेले काढून त्यातच चहा ओतला, मुद्दाम माझ्यासमोर.

ह्यांचा फोन आला होता रविवारी. मी सांगितलं भांडी धुते, मोठी माणसं आहेत, काही त्रास नाही. खोली फुटण्याचं सांगितलं नाही. हे म्हणाले, तुझा आवाज वेगळा येतोय. मी म्हटलं लाइन खराब असेल.

शनिवार, १६

आज छोटं करून बघितलं आणि जमलं. मॅडमनी स्वतः केलं, चष्मेदादा बाजूला, मी दाराच्या काचेशी. नियमच आहे, आत पिवळं असताना बाहेर एक माणूस घंटेच्या बटणाशी उभं राहिलं पाहिजे. ते माणूस आता मी. म्हणजे धुणंच नाही, पहारासुद्धा.

बर्फात पिवळं. वरच्या तोटीच्या नरसाळ्यातून क्लोराइडचा एक थेंब. थेंब पडला की तिथे बारीक बुडबुड्यांचा फेस, जिरला की पुढचा थेंब. तासभर तेच. माझी पापणी लवली नाही. शेवटी, ज्यात हे सगळं विरघळलेलं असतं ते इथर उडवल्यावर तळाला फिकट पिवळे स्फटिक राहिले, चिमटीभर. मॅडमनी काचेच्या आतून मला दाखवायला फ्लास्क उचलला. हसल्या की नाही सांगता येत नाही, पण लिंबू जरा कमी पिळलेलं होतं.

घरी येताना रस्त्यात मी एकटीच हसत होते. एका बाईने वळून बघितलं.

मंगळवार, १९

चिमणीने अंगावर प्यायचं सोडलं. मी कामावर असते तेव्हा सासूबाई वाटीने पाजतात, तिला तेच आवडायला लागलंय. आठवडा झाला, मागितलंच नाही. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

परवा मोठं करायचं. आमच्याकडे जेवढं क्लोराइड आहे त्यातलं अर्धं. महिनाअखेर लांब आम्ल औषधवाल्यांना पोचलं तर या खोलीला आणखी एक वर्षाचं काम मिळणार, म्हणजे माझंही राहणार. नाही पोचलं तर खोलीला कुलूप. हे चष्मेदादांनी सांगितलं, मॅडम असलं काही बोलत नाहीत.

गुरुवार, २१

मोठा दिवस. सगळं लिहिते.

भांडी काल रात्रभर भट्टीत होती. सकाळी मी एकेक काढून उजेडाला धरली, बोट, नख, कापूस. कुठे चरा नाही, कुठे ओल नाही. गरम असतानाच तोंडं बंद करून थंड होऊ दिली. खिडकीतून आत दिली ती दहा वाजून वीस मिनिटांनी.

पिवळं उतरलं, पूर्वीच्या दसपट. एवढं पिवळं एका जागी मी कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात मॅडमना वरच्या ऑफिसात बोलावणं आलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं तर परत आलं. पिवळं ठेवून चालत नाही. तेव्हा मॅडम चष्मेदादांना म्हणाल्या, तुम्ही सुरू करा, मी आलेच, आणि जिना चढून गेल्या.

चष्मेदादा आत एकटे. घामाने चष्मा सारखा घसरत होता. दोनदा पिवळ्याचा फ्लास्क उचलायला गेले आणि हात मागे घेतला. मग खिडकीशी आले, झडप उघडून मला म्हणाले, ताई, एवढ्या पिवळ्यात काही घालायचं म्हणजे छातीत धस्स होतंय. मलाही होतंच होतं. मी म्हटलं, "दादा, जे भडकतं ते थोडं थोडं घालावं. घरी आम्ही उकळत्या तेलाला पाण्याचा हात लावत नाही, तसं." ते म्हणाले, बरोबर आहे, मीही तेच म्हणतोय. मग त्यांनी क्लोराइडचा फ्लास्क बर्फात ठेवला आणि पिवळं वर नरसाळ्यात घेतलं, थोडं थोडं. पिवळं थेंबाथेंबाने क्लोराइडात.

बुडबुडे आले. काही फुटलं नाही. पिवळा थेंब पडला की रंग लगेच जायचा. मला केवढं बरं वाटलं, जणू प्रत्येक थेंबाला एक संकट विझतंय. मॅडम आल्या तोवर झालं होतं, चष्मेदादांनी अंगठा दाखवला. त्यांच्या वहीत त्यांनी लिहिलं, 'क्लोराइड व डायझो एकत्र केले, बर्फात, बुडबुडे आले.' मी झडपेतून वाचलं.

आज माझा सल्ला एका शिकलेल्या माणसाने ऐकला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग आता पगार तू घे आणि भांडी त्यांना धुवू दे.

शुक्रवार, २२

बिघडलं.

पिवळे स्फटिक आलेच नाहीत. पांढरट काहीतरी आलं, डोळ्यांना झोंबणारं, सगळ्यांना पाणी आलं. मॅडमनी पट्टीवर ठिपके लावून बघितले, ठिपका कुठवर चढतो त्यावरून काय बनलंय ते कळतं, तर ठिपका भलत्याच जागी. चांदी दाखवली तरी काही होईना, एक बुडबुडा नाही.

मॅडमनी मला बोलावलं. विचारलं, भांडी पूर्ण कोरडी होती का? मी हो म्हटलं. पण आवाज असा कापला की मलाच ते खोटं वाटलं.  मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून भांडी मी सुकवीन."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना त्या फोनवर बोलत होत्या ते कानावर आलं. एक तर भांड्यात ओल राहिली किंवा उरलेलं क्लोराइडच खराब झालंय, सोमवारी ते टाकून देते आणि औषधवाल्यांना कळवते की होणार नाही.

तीन महिने पुरे व्हायच्या आतच मी ओली भांडी देणारी बाई झाले. भांडी कोरडी होती. मला माहीत आहे ती कोरडी होती.

रविवार, २४

चिमणी झोपल्यावर दुपारी ही वही काढली. भांडी कोरडी होती हे लिहिलेलं परत वाचायचं होतं, स्वतःलाच पटवायला. वाचलं. दहा वाजून वीस मिनिटं, चरा नाही, ओल नाही. जिवात जीव आला. मग आणखी मागे गेले, उगाच, पिवळं पहिल्यांदा बघितलं तो दिवस वाचायला.

'क्लोराइड पिवळ्यात घालायचं. पिवळं क्लोराइडात कधी नाही.'

परत गुरुवारचं पान. पिवळं थेंबाथेंबाने क्लोराइडात.

चारदा वाचलं.  उलटं झालं होतं. आणि ते उलटं करायला मीच सांगितलं होतं, माझ्याच अक्षरात आहे, तेलाबिलाचं उदाहरण देऊन, वर मोठेपणासकट.

खरं सांगते, पान धरलं होतं मी फाडायला. ही काही कामाची वही नाही, हिला नियम नाहीत. कुणालाच कळलं नसतं. चष्मेदादांच्या वहीत तर नुसतं 'एकत्र केले' आहे. ओल्या भांड्यांपायी काढलं तर निदान कामात कमी पडली एवढंच म्हणतील. पण जे येत नाही त्यात तोंड घालून सगळं घालवलं, असं कळलं तर दुसरीकडे तरी कोण घेणार? आणि चष्मेदादांचं काय होईल? तेही नवीनच.

सासूबाई समोर भाजी निवडत होत्या. त्यांना वाचता येत नाही पण माझं तोंड वाचता येतं. सगळं सांगितलं, खोली फुटण्याचंसुद्धा. ते ऐकून त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "भांडी कोरडी होती ते याच पानावर आहे ना?"

मी म्हटलं हो.

"मग ते फाडून तुझ्याकडे काय राहणार?"

आणि भाजी निवडायला लागल्या. पान जागेवर आहे. कोपरा चुरगळलाय माझ्या मुठीने, तो तसाच राहणार.

सोमवार, २५

आधी चष्मेदादांना गाठलं, फाटकातच. त्यांना न सांगता वर जाणं बरं दिसलं नसतं. पान त्यांनी दोनदा वाचलं. बरोबर क्रम त्यांनी पुस्तकात वाचला होता म्हणे. पण एवढं पिवळं समोर बघून वाटलं, हेच थोडं थोडं घातलेलं बरं, उलट झालं तर काय बिघडतं. मी म्हटलं सगळं माझ्यावर घालते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून नाही केलं मी. भीती माझीच होती, तुम्ही फक्त हो म्हणालात." आणि माझ्याबरोबर आले.

मॅडम क्लोराइडची बाटली हातात घेऊन उभ्याच होत्या, टाकायला निघालेल्या. मी वही पुढे केली, बोट ठेवून. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. बाटली खाली ठेवली. परत वाचलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि मागची पानं उलटायला लागल्या. तेव्हा मला आठवलं मागे काय काय लिहिलंय. लिंबू. दूध. मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांच्या हातातून वही ओढून घ्यायची हिंमत कुणात आहे?

पान न् पान वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. मग पेन काढलं, गुरुवारच्या पानाखाली लिहिलं, 'पाहिलं, समजलं', सही केली, तारीख घातली. मग मागे जाऊन त्या दुधाच्या पानाखालीही तेच लिहिलं, सही केली. तिथे का केली ते मला कळलं नाही.

मग स्वतःची वही उघडून त्यांनी लिहिलं आणि आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचलं, "घालण्याचा क्रम तोंडी सांगितला होता, लिहून लावला नव्हता. पिवळं तयार असताना मी खोली सोडली. चूक माझी." खाली चष्मेदादांना सही करायला लावली.

चष्मेदादा काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, नंतर. क्लोराइड चांगलं आहे, भांडी कोरडी होती, उद्या परत करायचं. मग माझ्याकडे वळल्या. "दूध सुटलं असं लिहिलंयस. पूर्ण सुटलं?"

मी म्हटलं हो, दोन आठवडे झाले.

"मग उद्या लिंबू तुला आत बोलावतंय."

चष्मेदादांना काहीच कळलं नाही. मी हसायचं की रडायचं या घोळात नुसती उभी राहिले.

मंगळवार, २६

आत होते मी. आत.

मास्क, हातमोजे, डोळ्यांवर जाड चष्मा. बाहेर काचेशी बटणापाशी आज चष्मेदादा. दारावर नवा कागद, मॅडमच्या अक्षरात, 'आधी पिवळं, मग क्लोराइड.' भांडी मी सुकवली. मॅडमनी एकही उचलून बघितली नाही.

आता हेच, दुसरं नाही. उरलेलं सगळं क्लोराइड त्या नरसाळ्यात होतं. मॅडमनी मला कोपराला धरून आपल्या मागे उभं केलं आणि म्हणाल्या, इथून हलायचं नाही. मला नीट दिसेना. मी डावीकडून मान काढली तर त्या डावीकडे सरकल्या, उजवीकडून काढली तर उजवीकडे. शेवटी त्यांच्या खांद्यावरून चवड्यांवर उभी राहून बघितलं. समोर त्यांची मान, निळे ठिपके, त्यापलीकडे पडदा, आणि त्यापलीकडे पिवळं.

पहिला थेंब. फेस आला, जिरला. पिवळं तसंच पिवळं. दुसरा. मी मनात मोजत होते. माझं काम एकच, मोठ्याने सांगायचं, बुडबुडे थांबले की 'थांबले' म्हणायचं, मग पुढचा थेंब. माझा आवाज आधी निघेचना. वीसेक थेंबांनंतर तो आपोआप निघायला लागला. थांबले. थांबले. थांबले. दोन तास. पाय भरून आले पण भीती कुठे गेली कळलंच नाही. गेली असं नाही, होती, पण ती माझ्याबरोबर मोजत होती.

शेवटचा थेंब पडला तेव्हाही रंग गेला नव्हता.

मग उरलेलं पिवळं मारायला आम्लाचे थेंब, मग धुणं, सुकवणं, इथर उडवणं, सगळं सावकाश. संध्याकाळी फ्लास्कच्या भिंतीवर पिवळे स्फटिक धरायला लागले, आधी एक, मग सगळीकडे. पट्टीवर ठिपका बरोबर जागी. चष्मेदादांनी बाहेरून काचेवर दोन्ही तळहात ठेवले होते, त्यांचे ठसे अजून तिथेच आहेत. मी उद्या पुसणार नाही.

मॅडमनी त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, सही कर, तू होतीस. मी म्हटलं, मॅडम, पाहिलं सगळं, पण समजलं नाही. क्रम उलटा झाला तर का बिघडतं ते मला अजून कळत नाही. त्या म्हणाल्या, मग जेवढं खरं तेवढंच लिही. मी लिहिलं, 'पाहिलं.' सही केली. माझी सही शाळेतली आहे, मुलीसारखी दिसते.

गुरुवार, २८

चांदी दाखवली. अंधार करून, फ्लास्कला काळा कागद गुंडाळून. चांदीच्या पुडीचं पाणी थेंबभर आत गेलं आणि कागदाच्या फटीतून बघते तर काय, उकळल्यासारखे बुडबुडे. गरम न करता. आतल्या आत जागा बदलतंय, मॅडम म्हणाल्या, तेच तुला बघायचं होतं. चष्मेदादा बुडबुडे बाटलीत धरून मोजत होते, आकडा जुळला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

नंतर तो फ्लास्क माझ्याकडे आला धुवायला. आतून सगळीकडे चांदी बसलेली, आरसा झालेला. पूर्वीची मी असते तर पूड घेऊन घासलं असतं. आता चरा पाडून चालायचं नाही. थोडं नायट्रिक आम्ल घालून फिरवत बसले, चांदी विरघळत जाते. विरघळायच्या आधी त्यात माझं तोंड दिसलं, नाक हे एवढं, कान पाठीमागे. चिमणीला दाखवायला हवं होतं.

शनिवार, ३०

आज पांढरे स्फटिक, सुयांसारखे, कोरडे, बाटलीत. एक कडी लांब. मॅडमनी वजन केलं, औषधवाल्यांना हवं होतं त्याहून थोडं जास्तच भरलं. त्यांचा माणूस दुपारी येऊन घेऊन गेला, डब्यात भुसा भरून. खोली राहणार. मॅडम मला म्हणाल्या, सोमवारी जरा लवकर ये, पिवळं कसं उतरवायचं ते पहिल्यापासून दाखवते. तीन महिने बघण्याचं काय, मी विचारलं. म्हणाल्या, बघितलं.

चष्मेदादांना क्रमाचं विचारलं. त्यांनी कागदावर काढून सांगितलं, मला चित्र नाही कळलं पण घरी येताना बसमध्ये कळलं. घरी सासूबाईंना सांगून बघितलं, त्यांना कळलं तर मला कळलं असं ठरवून.

क्लोराइड पिवळ्याला धरतं, तेव्हा एक आंबट काहीतरी बाहेर टाकतं. नवीन डायझोकिटोन असतं कोवळं, त्या आंबटाने ते लगेच बिघडतं, डोळे झोंबतात तेच होतं. पण भोवती भरपूर पिवळं असलं की ते आंबट पिवळं आपल्या अंगावर घेतं आणि संपतं. कोवळ्याला धक्का लागत नाही. आम्ही त्या दिवशी पिवळं थेंबाथेंबाने दिलं, म्हणजे भोवती कुणी नव्हतंच. आंबट आलं ते सरळ त्याच्यावर.

सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, म्हणजे घरात लेकरू एकटं ठेवायचं नाही, एवढंच ना? त्याला एवढ्या काचा कशाला?

मी म्हटलं, एवढंच.

मग त्या चिमणीला दूध द्यायला उठल्या. पेला घेतला, खिडकीशी गेल्या, उजेडाला धरून हळूहळू फिरवला. बोट फिरवलं, नख फिरवलं. मला दिसतंय हे त्यांना माहीत नव्हतं. तो ठेवला, दुसरा घेतला.

मी ही वही उघडली. सहा तारखेचं दुधाचं पान काढलं, मॅडमची सही आहे ते. खोलीत आमच्यापुढे कोण उभं राहतं, ठिपके कुणाच्या मानेवर आहेत, अंगावर पिणाऱ्या लेकरासाठी मला दारातच कुणी अडवलं, ते सगळं याच वहीत होतं, मीच लिहिलेलं. मॅडमच्या सहीखाली माझी केली. या वेळी दोन्ही शब्द लिहिले.